गाडीचा कारखाना नसलेल्या जिल्ह्यातला गाडीचा कचरा

पोस्ट लांब आहे. सवड काढून वाचा, पण वाचा.

आपल्या सिंधुदुर्गात मोटारीचा एकही कारखाना नाही. चारचाकीचा नाही, दुचाकीचा नाही, ट्रकचा तर नाहीच. कुडाळला एमआयडीसी आहे, पण तिथून नवी कोरी गाडी बाहेर पडताना कोणी पाहिलेली नाही. १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून आपलं नाव जाहीर झालं, तेव्हापासून तर आपण हे अभिमानानंच सांगतो. कारखाना नाही, म्हणून कारखान्याचा कचरा नाही. म्हणून खाडी स्वच्छ, विहीर स्वच्छ, मासे चांगले.

हे गणित आपल्या डोक्यात उगीच बसलेलं नाही. शेजारच्या रत्नागिरीत लोटे-परशुरामची रासायनिक वसाहत आली आणि दाभोळ खाडीतल्या मच्छिमारांचं काय झालं ते आपण जवळून पाहिलंय. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीनं २०११ च्या अहवालात त्याची नोंद केली. लोट्यात सुमारे ११ हजार लोकांना काम मिळालं, पण खाडीतल्या मासेमारीवर जगणारे २० हजार लोक बेरोजगार झाले, असं तिथले मच्छिमार सांगत होते. पुढे जैतापूर आलं, नाणार आलं. कारखान्याचं नाव निघालं की कोकणातला माणूस आधी पाण्याकडे बघतो, ते त्यामुळेच. त्यात चूक काही नाही.

तरी गणित अर्धंच आहे. गाडी बनवताना जो घातक कचरा निघतो, त्यातले कितीतरी प्रकार गाडी वापरतानाही निघतात, आणि वापर तर आपल्याकडे रग्गड आहे. जळकं ऑईल, ऑईलनं भिजलेल्या चिंध्या, रंगाचे डबे, थिनर, जुन्या बॅटऱ्या. फरक एवढाच की चाकणला त्याला 'घातक कचरा' म्हणतात, त्याचं वजन होतं, नोंद होते, त्याच्या कागदावर तीन जणांच्या सह्या होतात. आपल्याकडे त्याला भंगार म्हणतात.

असं का झालं, तेच या पोस्टमध्ये सांगायचंय. घातक कचऱ्याचा कायदा आपल्याकडे कारखान्याच्या गेटवर जन्मला आणि पुष्कळ वर्षं गेटवरच थांबला.

आधी कारखान्याच्या आत काय होतं ते बघू. आपल्यापैकी बऱ्याच घरांतला एखादा तरी चाकरमानी पिंपरी, आकुर्डी, कांदिवली, नाहीतर आता चाकण-तळेगावच्या गाडी कंपनीत कामाला असतो. त्याला पेंट शॉपबद्दल विचारा. पत्र्याची नुसती बॉडी तयार झाली की ती एकामागून एक टाक्यांतून जाते. आधी तेलकटपणा धुतला जातो, मग फॉस्फेटच्या टाकीत बुडवतात. त्यानं पत्र्यावर जस्त-फॉस्फेटचा बारीक थर बसतो. तो थर असेल तरच रंग धरतो, गंज लांब राहतो. त्या टाकीच्या तळाशी गाळ साचतो. त्यात जस्त असतं, बऱ्याचदा निकेल आणि मँगनीजही असतं. पुढे रंगाचा बूथ. फवाऱ्यातला सगळा रंग गाडीवर बसत नाही. उडालेला रंग पाण्याच्या पडद्यात पकडतात आणि त्याचा चिकट लगदा होतो. शिवाय मशीन शॉपमधलं कुलंट, हायड्रॉलिक ऑईल, सांडपाणी शुद्ध केल्यावर उरणारा गाळ, रिकामी पिंपं. आणि मोठ्या कंपनीला माल पुरवणाऱ्या लहान शेडमध्ये क्रोम प्लेटिंग होत असेल तर त्यातला क्रोमियम. त्याचा एक प्रकार कर्करोग करणारा आहे, आणि एकदा जमिनीत उतरला की विहिरीच्या पाण्यातून काढताना नाकी नऊ येतात.

पुणे-मुंबईत मोटारधंदा वाढला तो स्वातंत्र्याच्या आसपास आणि नंतरच्या २० वर्षांत. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर १९४४ ची. टेल्को आणि बजाज १९६० च्या दशकात पिंपरी-आकुर्डीकडे आले. एमआयडीसीच १९६२ ची. त्या काळात या गाळाला वेगळं नावच नव्हतं. महाराष्ट्रानं देशाच्या आधी, १९६९ मध्ये, पाणी प्रदूषण प्रतिबंधाचा स्वतःचा कायदा केला आणि ७ सप्टेंबर १९७० ला प्रदूषण मंडळ स्थापन झालं. ही आपल्या राज्याची चांगली गोष्ट, सांगितली पाहिजे. पण तो कायदा पाण्याचा होता. नळीतून नदीत काय जातं ते तो बघायचा. पिंपात भरून आवाराच्या मागच्या बाजूला काय ठेवलंय, ते बघणं त्याचं काम नव्हतं. (गंमत म्हणजे केंद्राचा १९७४ चा पाणी कायदा महाराष्ट्रानं स्वीकारला तो १ जून १९८१ ला. आपला जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला त्याच्या बरोबर एक महिन्यानंतर. म्हणजे जिल्हा आणि कायदा जवळजवळ जुळे भाऊ.)

मग डिसेंबर १९८४ ला भोपाळ झालं. त्यातून १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याच्या पोटी २८ जुलै १९८९ ला घातक कचऱ्याचे पहिले नियम. त्याच वर्षी मार्चमध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात घातक कचऱ्याच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीचा करार झाला होता. श्रीमंत देश आपला विषारी माल गरीब देशांच्या किनाऱ्यावर टाकत होते, त्याला आळा घालायला. भारतानं १९९२ मध्ये त्याला मान्यता दिली.

१९८९ च्या नियमांत कचऱ्याचे १८ प्रकार होते आणि बहुतेक प्रकारांपुढे एक आकडा. वर्षाला त्या आकड्यापेक्षा जास्त कचरा निघाला तरच नियम लागू. सायनाइडच्या कचऱ्याला मर्यादा १ किलो. वापरलेल्या तेलाला मर्यादा १००० किलो.

या १००० किलोपाशी जरा थांबू. १००० किलो म्हणजे साधारण ११०० लिटर ऑईल. मोटारसायकलच्या एका सर्व्हिसिंगला लिटरभर ऑईल निघतं. म्हणजे रविवार-गणपती धरून रोज तीन-चार गाड्यांचं ऑईल बदलणारा गॅरेजवालासुद्धा जेमतेम या रेषेपर्यंत पोचायचा. सावंतवाडीपासून देवगडपर्यंतची बहुतेक सगळी गॅरेजं त्या एका आकड्यानं कायद्याच्या बाहेर राहिली. लिहिणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांच्या डोळ्यापुढे मोठा कारखाना होता, गॅरेज नव्हतं. एक गॅरेज थोडं, पण शंभर गॅरेजं मिळून किती, हा हिशोब कोणी मांडला नाही.

यादीत काय घालायचं आणि काय नाही, यावर जगभर डोकेफोड झालीय. अमेरिकेतलं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. तिथल्या पर्यावरण खात्यानं १९८० मध्ये ठरवलं की ॲल्युमिनियमवर रासायनिक थर चढवणाऱ्या प्रक्रियेच्या सांडपाण्याचा गाळ घातक. कारण तेव्हा त्या कामात क्रोमियम आणि सायनाइड वापरत. पुढे पेट्रोल वाचवायला गाड्या हलक्या करायची टूम निघाली आणि पोलादी बॉनेटच्या जागी ॲल्युमिनियमचं आलं. झालं! फॉस्फेटच्या त्याच टाकीतून ॲल्युमिनियमचा एक जरी भाग गेला, की सगळ्या टाकीचा गाळ कागदावर 'घातक' ठरायला लागला. टाकीत क्रोमियमही नाही आणि सायनाइडही नाही, तरीही. कंपन्यांनी वर्षानुवर्षं तक्रार केली. शेवटी जून २००८ मध्ये खात्यानं नियम बदलला. मोटार कारखान्यातला जस्त-फॉस्फेटचा गाळ त्या यादीतून वगळला, पण अट घातली की तो खाली अस्तर घातलेल्या, झिरपण रोखणाऱ्या खड्ड्यातच टाकायचा आणि तसे कागद जपून ठेवायचे.

कंपन्यांचं म्हणणं बरोबर होतं, असं माझं मत. सांगायचा मुद्दा असा की यादी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नाही. ती एका काळातल्या कामाची पद्धत बघून केलेली असते, पद्धत बदलली की बदलावी लागते. मागून कोणी तरी लागलं तर बदलते. तिथे मागे लागायला मोटार कंपन्या होत्या. गॅरेजांच्या ऑईलसाठी आपल्याकडे कोण मागे लागणार?

परत आपल्याकडे येऊ. १९८९ ला नियम झाले, पण कचरा न्यायचा कुठे हे ठरलंच नव्हतं. शास्त्रीय पद्धतीनं जाळायची किंवा पुरायची सोय नसताना कारखानदाराला नुसतं 'व्यवस्थित विल्हेवाट लावा' सांगून काय होणार? पिंपं आवारात साचत राहिली. काही रात्रीच्या ट्रकनं कुठे तरी गेली. आणि उलट बाहेरच्या देशांतून इथे माल येत राहिला.

१९९५ मध्ये वंदना शिवा यांच्या संस्थेनं सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. न्यायालयानं १९९७ मध्ये प्रा. एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या याचिकेतलं एक प्रकरण आपल्याच राज्यातलं, आपल्याच समुद्रावरचं आहे, आणि मराठीत त्याबद्दल फार कमी लिहिलं गेलंय.

न्हावा-शेवा बंदरात १३३ कंटेनर पडून होते. कागदावर लिहिलेलं 'वंगण तेल'. आयात करणाऱ्यांचं म्हणणं, आम्ही तेलच मागवलंय. नमुने तपासले तर आत वापरून टाकलेलं तेल निघालं, त्यात पीसीबी नावाची घातक रसायनं. ही रसायनं निसर्गात सहजी नष्ट होत नाहीत. माशाच्या चरबीत साचतात, आणि मासा खाणाऱ्याच्या अंगात उतरतात. परदेशात ज्याची विल्हेवाट लावायला पैसे मोजावे लागले असते, ते इथे वंगण म्हणून आलं. इथे आल्यावर ते कुठल्या डब्यात, कुठल्या भट्टीत, कुणाच्या इंजिनात गेलं असतं, ते देवालाच माहीत.

न्यायालयानं ऑक्टोबर २००३ मध्ये या याचिकेत मोठा निकाल दिला, देखरेख समिती नेमली आणि राज्यांच्या मंडळांना कामाला लावलं. कंटेनरांचा निकाल ५ जानेवारी २००५ ला लागला. तेल परत शुद्ध करायला द्यायचं नाही. समितीच्या देखरेखीखाली भट्टीत जाळायचं, आणि खर्च आयात करणाऱ्यांनी भरायचा. ज्यानं घाण केली त्यानं पैसे भरावेत, हे तत्त्व पुस्तकात पुष्कळ आधीपासून होतं. तेलाच्या बाबतीत ते आपल्या बंदरावर असं उतरलं.

या निकालांचा धाक आणि त्याच सुमारास नियमांत झालेल्या सुधारणा, यांमुळे चित्र बदललं. २००० साली १८ प्रकारांची जुनी यादी गेली आणि कुठल्या उद्योगातून काय निघतं याची प्रक्रियावार यादी आली. २००३, २००८ आणि २०१६ ला ती परत नीट केली. राज्यात तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरीला घातक कचऱ्याची सामाईक केंद्रं उभी राहिली. पुण्याच्या मोटारपट्ट्याला रांजणगाव जवळचं. रंगाचा लगदा आता सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणूनही जातो. २०१६ च्या नियमांचा कल तिकडेच आहे.

आजच्या घडीला चाकणच्या कारखान्यातून गाळाचं एक पिंप निघालं तर त्याच्याबरोबर सात प्रतींचा फॉर्म निघतो. पांढरी प्रत मंडळाला. पिवळी पाठवणाऱ्याकडे. गुलाबी घेणाऱ्याकडे. नारिंगी ट्रकवाल्याकडे. हिरवी घेणाऱ्याकडून मंडळाला. निळी घेणाऱ्याकडून परत पाठवणाऱ्याला, म्हणजे माल पोचला. करडी, माल दुसऱ्या राज्यात गेला तर. कारखान्यात कचरा ९० दिवसांच्या वर ठेवता येत नाही. पेंट शॉपच्या गाळाला एक क्रमांक, फॉस्फेटच्या गाळाला दुसरा, वापरलेल्या तेलाला तिसरा. ही पद्धत उत्तम चालते असा माझा दावा नाही. कागद रंगवणारे सगळीकडे असतात. पण निदान कोणाला तरी विचारता येतं की पिंप निघालं, मग निळी प्रत कुठाय?

आता मालवणात या.

गेल्या पावसाळ्याआधी बोटी वर काढायचं काम चालू होतं तेव्हा बंदरावर एका ओळखीच्या वयस्कर बोटमालकांना मी विचारलं, "काका, ह्या जुन्या ऑईलाचा काय करतास?" ते हसले. "करूचा काय? थोडा भंगारवालो नेता, थोडा वाळवेक लावतंव. उरला ता..." आणि हात खाडीच्या दिशेनं हलवला. काका वाईट माणूस नाहीत. बंदरात प्लास्टिक टाकणाऱ्या पर्यटकाला मी त्यांना झापताना ऐकलंय. ऑईल कुठे द्यायचं ते त्यांना आजवर कोणी सांगितलेलंच नाही, इतकीच गोष्ट.

आपल्या ट्रॉलरवर बसतं ते इंजिन बऱ्याचदा ट्रकच्या इंजिनाचंच भावंड. तीच कंपनी, तोच साचा, समुद्रासाठी थोडे फेरफार. एका बदलाला पंधरा लिटरच्या आसपास ऑईल निघतं, इंजिनाप्रमाणे कमीजास्त. चालत्या इंजिनातून गळलेलं ऑईल बोटीच्या बुडातल्या पाण्यात मिसळतं आणि पंपानं बाहेर जातं, ते वेगळंच. गावात आलात तर हेच ऑईल सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात, कुंपणाच्या खांबांना लावतात, चुलीत आणि भट्टीत जाळतात. गॅरेजच्या दारातली जमीन बघा, पावसाळ्यात तिथे इंद्रधनुष्य दिसतं.

इंजिनात फिरून आलेलं ऑईल म्हणजे नुसतं तेल नसतं. घासलेल्या धातूंचे कण त्यात येतात, अर्धवट जळलेल्या इंधनातली कर्करोगकारक द्रव्यं येतात. एका गाडीच्या एका वेळच्या बदलातलं ऑईल दहा लाख गॅलन गोडं पाणी खराब करू शकतं, असं अमेरिकेचं पर्यावरण खातं कित्येक वर्षं लोकांना सांगत आलंय. आपली जमीन तर जांभ्याची, चाळणीसारखी. पावसाचं पाणी जांभ्यात शिरतं आणि झऱ्यातून, व्हाळातून, विहिरीतून वर येतं. वरून जे सांडाल ते खाली जाईल, आणि तेच पोहऱ्यातून परत येईल. कर्ली, कोळंब, गड नदीच्या मुखात तिसऱ्या, मुळे, कालवं. ही सगळी पाणी गाळून जगणारी जनावरं. पाण्यात जे असेल ते त्यांच्या अंगात साठतं. आणि त्यांच्यावर जगतात कोण, तर ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यात वाकून तिसऱ्या काढणाऱ्या आपल्या बायका. मोठ्या बोटीचा मालक वर्षभर तोटा सोसेल. त्या सोसू शकत नाहीत.

इथे एक गोष्ट वेगळी काढली पाहिजे. पावसाळ्याच्या तोंडाला किनाऱ्यावर डांबराचे काळे गोळे येतात, त्याचा दोष गॅरेजवर टाकू नका. ते खोल समुद्रातून येतात, जहाजांच्या टाक्या धुतल्याचे, तेलगळतीचे. तो वेगळा लढा आहे आणि आपल्या हातात फारसा नाही. हा आहे.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं, २९ चौरस किलोमीटरचं. त्याच्या हद्दीवरून आपण किती भांडलो! मच्छिमारांची भीती खरी होती, ती मी खोटी ठरवत नाही. पण त्या सगळ्या वादात अभयारण्याच्या काठावर उतरणाऱ्या ऑईलचा विषय कधी मुख्य झाल्याचं मला आठवत नाही. माशाच्या जाळ्यावर नियम, प्रवाळाला हात लावण्यावर नियम, आणि इंजिनाच्या ऑईलवर चकार शब्द नाही.

मग कायदा गेटच्या बाहेर कधी आला? हळूहळू, आणि एकेक वस्तू धरून. पहिली बॅटरी. २००१ च्या नियमांनी सांगितलं की बॅटरी बनवणाऱ्यानं विकलेल्या बॅटऱ्यांच्या प्रमाणात जुन्या परत गोळा करायच्या. पहिल्या वर्षी ५० टक्के, दुसऱ्या वर्षी ७५, पुढे ९०. आज दुकानात जुनी बॅटरी दिली की नवीवर पैसे कमी होतात, त्यामागे शिशाचा भाव आहे तशी अशा नियमांची सक्तीही आहे. म्हणून जुनी बॅटरी खाडीत पडलेली सहसा दिसत नाही. तिला किंमत आहे आणि परतीचा रस्ता आहे. (तो रस्ता परवानाधारक कारखान्याकडेच जातो का, की कुठल्या तरी मोकळ्या माळावरच्या भट्टीकडे, हा पुढचा प्रश्न. शिसं पोरांच्या मेंदूचं नुकसान करतं.)

ऑईलचा नंबर लागला तो बॅटरीनंतर वीसेक वर्षांनी. २०२३ च्या सुधारणेनं वंगण तेल विकणाऱ्या कंपन्यांवर जबाबदारी टाकली की विकलेल्या मालाच्या ठरावीक टक्के तेलाचा पुनर्वापर झाल्याचं दाखवायचं. अंमल १ एप्रिल २०२४ पासून. सुरुवात ५ टक्क्यांनी, पुढे वाढत ५० टक्क्यांपर्यंत. आणि १ एप्रिल २०२५ पासून आयुष्य संपलेल्या गाड्यांचे नियम आले. कंपनीनं जुन्या गाड्यांचं काय झालं त्याचा हिशोब द्यायचा.

वाचायला छान आहे. आता आपल्या बाजूनं बघा. ऑईलचं उद्दिष्ट देशभराचं आहे, जिल्ह्याचं नाही. कंपनीला ठरलेले टक्के पुण्याच्या आणि मुंबईच्या मोठ्या सर्व्हिस सेंटरांतून सहज मिळतात. मग ती देवबागच्या टोकाला पंधरा लिटरचा कॅन उचलायला कशाला येईल? जुन्या गाड्यांच्या नियमात कंपनीचं उद्दिष्ट पोलादावर मोजतात, आणि गाडी म्हणजे मोटार वाहन कायद्यातली गाडी. एमएच-०७ नंबरचा टेम्पो त्यात येतो. त्याच कंपनीचं, त्याच साच्याचं इंजिन बोटीत बसलं की ते या नियमातून बाहेर. गॅरेजचं म्हणाल तर वाहनदुरुस्तीचा धंदा प्रदूषणाच्या २०१६ च्या सरकारी वर्गीकरणात नारिंगी गटात होता, म्हणजे मंडळाची संमती हवी. शोरूमवाले घेतात. रस्त्याकडेच्या गॅरेजवाल्याला ते माहीत तरी असेल का? आणि त्याला नोटीस पाठवून फायदा काय, जर ऑईल देण्याची जागाच नसेल? १९८९ ला पुण्याच्या कारखानदाराची जी अडचण होती, तीच आज आपल्या गॅरेजवाल्याची आहे. नियम आहे, केंद्र नाही. तळोजा आपल्यापासून चारशे किलोमीटरच्या वर. एक कॅन घेऊन कोण जाणार?

दंडानं हे सुटेल असं मला वाटत नाही. जागा आणि नोंद, दोनच गोष्टी लागतात. आणि नोंदवही आपल्याकडे आधीच आहे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. डिझेल परताव्यासाठी प्रत्येक मच्छिमार सहकारी संस्था बोटवार, लिटरवार हिशोब ठेवते. (परतावा वेळेवर मिळत नाही, हे मला सांगू नका. माहीत आहे.) त्या हिशोबाला दोन रकाने जोडायचे. नवीन ऑईल किती नेलं, जुनं किती परत दिलं. संस्थेच्या पंपावर २०० लिटरचं झाकणबंद पिंप, खाली सिमेंटचा कट्टा, वर पत्रा, शेजारी पाण्याचा नळ नको. पिंप भरलं की परवानाधारक शुद्धीकरणवाल्याला फोन. जुन्या ऑईलला भाव मिळतो, भंगारवाला फुकट नेत नाही. तो भाव संस्थेला मिळू दे, हवं तर त्यातून नव्या ऑईलवर लिटरमागे दोन रुपये सूट द्या, बॅटरीसारखं. त्यात पाणी, थिनर, रॉकेल मिसळलं की ते शुद्धीकरणाला चालत नाही, हे मात्र आधी सगळ्यांना सांगावं लागेल. गॅरेजवाल्यांसाठी नगरपरिषदेनं असंच एक पिंप कचरा डेपोवर ठेवावं. घरोघरी ओला-सुका वेगळा करायला शिकवलंत ना, मग हेही.

एकदा पिंपांचा हिशोब कागदावर आला की जिल्ह्याचा आकडा तयार होतो. आज तो नाही, म्हणून मंडळाला पत्र लिहिलं तरी 'आपल्या जिल्ह्यात घातक कचरा निर्माण करणारे मोठे उद्योग नाहीत' असं उत्तर येऊ शकतं, आणि ते कागदोपत्री खरंही असेल.

संस्थांच्या वार्षिक सभा जवळ आल्यात. दोन रकान्यांचा विषय मी आमच्या संस्थेत लेखी देणार आहे, मसुदा हवा असेल त्यांना पाठवतो. तोवर एक करा. तुमच्या बंदरावर, तुमच्या वाडीत जुनं ऑईल कोण नेतं, लिटरला काय भावानं नेतं आणि न नेलेलं कुठे जातं, ते खाली लिहा. नावं लिहू नका, गाव आणि लिटर पुरे.